पेनसिल्व्हेनिया लागते, परळ लागत नाही

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या, असा निरोप कार्यवाहबाईंनी मला पाठवला. निरोप पाठवला असे म्हणते, कारण त्यांनी आधी तीन वेळा फोन केला होता आणि तिन्ही वेळा तो लागला नव्हता. शेवटी नातवाच्या हाती चिठ्ठी आली. ती चिठ्ठी वाचता वाचताच मला माझा विषय मिळाला. भाषणाची मला सवय नाही. पाककृती सांगा म्हणाल तर तासभर सांगेन. तेव्हा आज जे बोलेन ते ओटीवर बसून बोलावे तसे बोलणार आहे, ते गोड मानून घ्यावे.

आमची वाडी तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली आहे. सड्यावरून रस्ता खाली खाडीकडे उतरतो, त्या उतारावर दोन डोंगरांच्या कुशीत आमची घरे आहेत. जागा मोठी रम्य आहे. मुंबईची पाहुणी आली की पहिल्या दिवशी "काय शांतता आहे हो!" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी हातात फोन घेऊन अंगणात देव शोधल्यासारखी फिरू लागते. कारण त्या शांततेत फोनही शांतच असतो. आमच्या घरात रेंज म्हणून जी काही येते ती माजघराच्या खिडकीतल्या तिसऱ्या गजापाशी. त्या गजाला मी एक पिशवी टांगली आहे, तिच्यात फोन ठेवते. पहिल्या गजाला येत नाही, दुसऱ्याला येत नाही. का ते विचारू नका. ज्यांना दोन वाक्यांपेक्षा अधिक बोलायचे असेल ते सड्यावरच्या वळणावर जातात. तिथे एका चिऱ्यावर बसून वाडीतली सगळी गुपिते मोकळ्या वाऱ्यावर बोलली जातात. कोणाच्या मुलीला स्थळ सांगून आले, कोणाच्या सुनेचे काय बिनसले, बँकेत किती शिल्लक आहे, हे आम्हाला एकमेकींना सांगावे लागत नाही. रांगेत उभे राहिले की आपोआप कळते.

टेलिव्हिजनची गोष्ट मात्र निराळी. छपरावर ती गोल थाळी बसवली आहे ना, तिला आमचे डोंगर आड येत नाहीत. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह आहे. दक्षिणेकडे आकाश मोकळे असले की झाले, चित्र स्वच्छ दिसते. मोठा पाऊस लागला तरच काय ते खरखरते. म्हणजे छत्तीस हजार किलोमीटरवरून अमेरिका आमच्या माजघरात येते आणि दोन अडीच किलोमीटरवरच्या टॉवरवरून माझ्या भावाचा आवाज येत नाही. मौज वाटते ना? मलाही वाटायची.

आता २०२४ च्या नोव्हेंबरची हकीकत सांगते.

त्या वर्षी पाऊस लांबला, भातकापणी मागे पडली. दरवर्षी मी भाऊबिजेला परळला दादाकडे जाते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. लहानपणीच मुंबईला गेला, गिरणीत लागला, १९८२ च्या संपात ती नोकरी गेली, मग एका दुकानात हिशेब लिहू लागला. पण भाऊबिजेची ओवाळणी त्याने एकही वर्ष चुकवली नाही. संपाच्या वर्षी त्याने ताटात सव्वा रुपया घातला होता आणि "बाकीचे नंतर" म्हणाला होता. ते नंतर आम्ही जन्मभर हसण्यावारी नेले. तर त्या ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती आणि मी शेतात अडकले होते. संध्याकाळी सड्यावर जाऊन फोन केला. दादा म्हणाला, "अगं, भात कापून घे. आठ दिवसांनी ये. ओवाळायला काय, तिथीच लागते थोडीच!"

बुधवारी ६ तारखेला माझी कंबर धरली होती म्हणून मी घरीच होते. टेलिव्हिजन लावला. तुम्हाला आठवत असेल, अमेरिकेत आदल्या दिवशी अध्यक्षाची निवडणूक झाली होती आणि आपल्याकडे सकाळपासून तिचीच मोजणी चालली होती. ५३८ मते, त्यांतली २७० हवीत. सात राज्ये कुंपणावर बसलेली. त्यांतल्या पेनसिल्व्हेनियाची १९ मते ज्याला मिळतील त्याचे पारडे जड. हे सगळे मला आज पाढ्यांसारखे पाठ आहे. कमला हॅरिस यांच्या आजोबांचे तामिळनाडूतले गाव दाखवत होते, तिथल्या देवळात त्यांच्यासाठी पूजा चालली होती. बाईमाणूस निवडून येते की काय म्हणून मीही जरा सरसावून बसले होते. दुपारी एकच्या सुमारास ट्रंपसाहेब कुटुंबासह व्यासपीठावर येऊन विजयाचे भाषण करू लागले. मी जेवण वाढून घेतले. फोन पिशवीत होता. त्यावर एकही रेघ नव्हती, पण ते रोजचेच म्हणून मी लक्ष दिले नाही.

त्या दिवशी आमच्या बाजूची रेंज सकाळपासूनच गेली होती. कशाने गेली ते आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

दिवेलागणीला वडापवाला हाका मारीत आला. मंडणगडच्या बाजारात एका दुकानदाराकडे पुतण्याचा फोन लागला होता, त्याने वडापवाल्याजवळ निरोप दिला होता. दादा सकाळी आठ वाजता गेला. वहिनीने आणि पुतण्याने साडेआठपासून मला फोन लावले. प्रत्येक वेळी तीच ती बाई सांगत होती, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती संपर्कक्षेत्राबाहेर आहे. तीन वाजेपर्यंत वाट पाहिली, मग नेले. मी इथे बसून पेनसिल्व्हेनिया मोजीत होते.

भगिनींनो, रडगाणे गाण्यासाठी मी हे सांगितले नाही. दुसऱ्या एका गोष्टीने माझे डोके त्या रात्री फिरले, ती सांगायची आहे. १९८६ साली आमचे बाबा दादाकडेच परळला वारले. तेव्हा आमच्या वाडीत फोन कुठला? पहाटे बाबा गेले, दादाने तार केली. ती मंडणगडच्या पोस्टात आली आणि पोस्टमन ती घेऊन चालत चालत आमच्या दारात आला तेव्हा दिवेलागणच झाली होती. अडतीस वर्षांनी दादाची बातमीही दिवेलागणीलाच आली. मधल्या काळात एस.टी.डी.चे पिवळे फलक आले आणि गेले. २०१३ च्या जुलैत सरकारने तारखाते बंद केले. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीच्या सुखराम मंत्र्यांशी देशातले पहिले मोबाइलवरचे बोलणे केले, त्यालाही त्या वेळी एकोणतीस वर्षे होऊन गेली होती. आणि आम्ही तासाच्या हिशेबाने होतो तिथेच. तार तरी नक्की येत असे. "फोन आहे ना" या भरवशावर आता दुसरी सोयच कोणी ठेवलेली नाही.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण त्यानंतर हे असे का, याचा मी नाद घेतला. आमच्या सुनेचा भाऊ या खात्यातला जाणकार आहे, त्याला प्रश्न विचारून विचारून मी सळो की पळो केले. त्याने जे समजावले ते थोडक्यात असे. मोबाइलच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. सड्यावरच्या टॉवरसमोर जे आहे त्याला मिळते, डोंगराच्या पोटाशी जे आहे ते सावलीत राहते. आपला तालुका म्हणजे सडे, घळी आणि खाड्या. त्यामुळे एका टॉवरने सपाटीवर जेवढे भागते तेवढे इथे भागत नाही. टॉवरला वीज लागते. ती गेली की बॅटऱ्या काही तास पुरतात, पुढे डिझेल संपले की टॉवर हा नुसता लोखंडी खांब. एका टॉवरचे दुसऱ्याशी जे नाते असते ते कुठे जमिनीतल्या काचेच्या तारेने, कुठे हवेतून. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तार तोडली की टॉवर उभा, फोन मुका. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ तुम्ही विसरला नसाल. मंडणगड-दापोलीत विजेचे खांब झोपले, फोन बंद पडले, आणि मुंबईची माणसे दिवसचे दिवस आपल्या म्हाताऱ्यांची काही खबर लागेल का म्हणून तळमळत राहिली. तेव्हा आपण म्हटले, वादळ होते. पण ६ नोव्हेंबरला वादळ नव्हते, चांगले ऊन पडले होते.

आणि शेवटचे कारण पैशाचे. कंपनी टॉवर उभारते ती गिऱ्हाइके मोजून. आमच्या वाडीत चव्वेचाळीस घरे, त्यांतल्या अठ्ठावीस घरांना कुलूप. गणपतीत आणि शिमग्यात कुलपे निघतात, चाकरमानी येतात, तेव्हा तर आहे ती रेंजही गर्दीने गुदमरते. बाकीचे दहा महिने आम्ही सोळा घरे, त्यांत बहुतेक साठी उलटलेली. या हिशेबात आम्ही कोणाच्या खिजगणतीत यावे? पण सरकारला हे ठाऊक नाही असे नाही, हे ऐकून मला नवल वाटले. फोन कंपन्यांच्या उत्पन्नाच्या शंभर रुपयांतले पाच रुपये खेड्यापाड्यांच्या सोयीसाठी वेगळे काढले जातात. त्या निधीला २०२३ च्या कायद्याने डिजिटल भारत निधी असे नाव मिळाले. २०२२ च्या जुलैत केंद्राने त्यातून सुमारे २६ हजार ३१६ कोटींची योजना मंजूर केली, रेंज नसलेल्या २४ हजार ६८० गावांसाठी. म्हणजे मी रिचार्ज करते तेव्हा त्यात दुसऱ्या कुठल्या वाडीचा टॉवरही थोडा थोडा असतो. मग आमचा कोणाच्या रिचार्जात आहे, हे विचारणे काही भीक मागणे नव्हे.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर वाडीतल्या बायका उद्या मला बोलतील. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे टॉवरसाठी जागा पाहायला माणसे आली होती. तेव्हा गावात कोणीतरी सांगितले की टॉवरने आंब्याचा मोहोर गळतो आणि माणसाला नाही नाही ते रोग होतात. आम्ही सगळ्या तावातावाने गेलो आणि "आम्हाला नको" म्हणून सांगून आलो. त्यात मी पुढे होते. कोणाला काही विचारले नाही, कागद मागितला नाही. मोहोर त्या वर्षीही गळला, टॉवर नसताना.

आता टेलिव्हिजनकडे वळते, कारण माझा अर्धा राग त्याच्यावर आहे. परदेशची बातमी दाखवूच नये असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या तालुक्यात असे गाव विरळा, जिथला एखादा मुलगा बोटीवर किंवा आखातात नाही. आपल्या हापूसला अमेरिकेचे दार २००७ साली उघडले तेव्हा आपल्याला आनंद झालाच होता. जगाशी कोकणाचा संबंध आजचा नाही, बाणकोटची खाडी त्याला साक्ष आहे. पण त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मला काय कळले? कोण कुठे पुढे, कोण कुठे मागे, नकाशात कोणते राज्य तांबडे झाले आणि कोणते निळे. ट्रंपसाहेब प्रचारात परदेशी मालावर जकात बसवीन म्हणून सांगत होते. त्याचे आपल्या कोळंबीचे, आपल्या मालाचे काय होईल, यावर कोणी पाच मिनिटे बोलल्याचे मला आठवत नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत जकात बसली, तेव्हा तेच लोक "धक्का" म्हणून ओरडू लागले. घोड्यांची शर्यत दाखवावी तशी त्यांनी निवडणूक दाखवली, आणि शर्यतीत पुढे घोडा कोणाच्या शेतात शिरणार ते कोण सांगतो?

आणि आपली निवडणूक? ४ नोव्हेंबरला आपल्या विधानसभेचे अर्ज मागे घेण्याची मुदत संपली होती. २० तारखेला मतदान व्हायचे होते. दापोली मतदारसंघात, म्हणजे आपल्या मंडणगडासह, कोण कोण उभे आहे आणि रस्ता, दवाखाना, रेंज यांविषयी कोणाचे काय म्हणणे आहे, हे मला टेलिव्हिजनवर एकदाही दिसले नाही. पेनसिल्व्हेनियाची एकोणीस मते मला पाठ. आपल्या उमेदवारांची नावे मी मतदानयंत्रापुढे उभी राहून पहिल्यांदा वाचली. हा दोष टेलिव्हिजनचा किती आणि माझा किती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्याहून लाजेची गोष्ट पुढे कळली. मला वाटे, रेंजचे गाऱ्हाणे जिल्हा परिषदेच्या सभासदाकडे न्यावे. म्हणून कोण आहे ते विचारले, तर कोणीच नव्हते! मुदत २०२२ साली संपली होती, निवडणूक झाली नव्हती, प्रशासक कारभार पाहत होते. अशा राज्यात कितीतरी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या होत्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की निवडणुका घ्या. म्हणजे तीन वर्षांवर आपल्याला सभासद नव्हता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. अमेरिकेत मत कसे मोजतात ते मी जाऊबाईंना समजावून सांगत होते. ज्यांनी घटना लिहून आपल्या हाती मत दिले त्या बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच तालुक्यात आहे, तिथून आमची वाडी काही लांब नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आम्ही काय केले, ते सांगून पुरे करते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा आपल्याकडे कायदा आहे. ती कागदावर होते हे तुम्हाला ठाऊक आहेच. आम्ही ती खरोखरी घेतली. सोळा घरांतल्या एकोणीस बायका आल्या. ठराव केला की टॉवरला आमची हरकत नाही, उलट मागणी आहे. जुना विरोध मागे घेतला. तो ठराव माझ्याच हाताने लिहून घेतला, कारण विरोधही मीच लिहिला होता. तो पंचायतीकडून तहसीलदारांकडे गेला. दुसरीकडे कंपनीच्या तक्रारकेंद्रात तक्रार दिली. यात एक गोष्ट पदरात बांधून ठेवा. तक्रार केली की तिचा क्रमांक मागून घ्यावा. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजा. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीत वरचा अपील अधिकारी असतो, त्याच्याकडे हा क्रमांक घेऊन जाता येते. दिल्लीच्या ट्रायला पुष्कळजण पत्र लिहितात, पण ते एकेकट्याची तक्रार सोडवीत नाहीत, कंपन्यांनी कसे वागावे याचे नियम तेवढे करतात. कंपन्यांनी आपल्या रेंजचे नकाशे उघड ठेवावेत असा एक नियम त्यांनी केला आहे. सुनेने आमचा नकाशा काढून दाखवला. त्यावर आमची वाडी छान रंगवलेली आहे. खिडकीचा तिसरा गज त्यांनी मोजला असावा.

ग्रामपंचायतीत जिथे तारेचे इंटरनेट पोचले आहे तिथे वाय-फायवरून फोन लागू शकतो, ही सोयही आम्ही पाहून ठेवली आहे. आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शिकवून ठेवा. त्या रात्रीपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते.

पाहणीला माणसे येऊन गेली. चहा पिऊन, सड्यावर उभे राहून, "इथे आहे की रेंज" म्हणाली. मी त्यांना खाली घरात नेले, खिडकीपुढे उभे केले आणि त्यांच्याच फोनवरून त्यांच्या साहेबांना फोन लावायला सांगितले. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. टॉवर अद्याप आलेला नाही.

त्यांनी जाताना विचारले, रेंज केव्हा केव्हा नसते त्याची काही नोंद आहे का? नव्हती. म्हणून ही वही केली आहे. तारीख, वाडीचे नाव, कंपनी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत फोन बंद होता, आणि त्या वेळात काय अडले, असे पाच रकाने आहेत. पहिल्या ओळीत ६ नोव्हेंबर २०२४ लिहिले आहे. बाकी पाने कोरी आहेत. आज पंधरावीस गावांतून बायका आल्या आहेत, तेव्हा फराळ झाला की प्रत्येकीने आपापल्या वाडीची आठवेल तेवढी नोंद करावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची मी लिहून घेईन. वही दाराजवळच्या टेबलावर आहे. पेन दोऱ्याने बांधले आहे, ते कृपा करून सोडवून नेऊ नये.